पाचव्या दिवसाची हाक

मंगळवारी सकाळी दहा वाजता सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीत पाणी आल्याची हाक घुमली आणि सोळा घरांतून घागरी, कळश्या, बादल्या एकदम बाहेर पडल्या. हेमावती पिठाच्या हातानं धावल्या. समोरच्या धनलक्ष्मीनं कडेवरचं नातवंड शेजारणीच्या कडेवर ठेवलं आणि दोन हंडे उचलले. चनमल्लप्पांच्या अंगाला साबण होता. त्यांनी न्हाणीतून नुसता हात बाहेर काढून मोटरचं बटण दाबलं. एवढ्या धावपळीत एकच बाई जागची हलली नाही. नीलम्मा आपल्या दारात मिश्रीचं बोट तोंडात धरून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे बशीएवढे झाले होते. हाक त्यांच्याच आवाजातली होती, आणि त्यांनी ती मारलेली नव्हती.

या गल्लीला पाणी पाचव्या दिवशी येतं. कधी चौथ्या दिवशी येतं, कधी सहाव्या. किती वाजता येईल ते पाण्यालाही माहीत नसतं. नीलम्मांचं घर गल्लीच्या उताराला, अगदी तोंडाशी. त्यांचा नळ अंगणातल्या खड्ड्यात, त्यामुळे पाणी सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे पोचायचं, आणि वरच्या नळांना दाब पुरायचा नाही म्हणून ज्यांच्याकडे मोटर नाही ते इथूनच भरून न्यायचे. आधी नळ खाकरायचा, मग हवा सोडायचा, मग एक तांबूस धार यायची, आणि ती धार यायच्या आत नीलम्मा रस्त्यावर येऊन कमरेवर हात ठेवून ओरडायच्या, "नीर बंतु! पाणी आलं! नीळ्ळु वच्चिनय!" गल्लीत कानडी घरं होती, मराठी होती, तेलुगू होती, कुणाला राग नको म्हणून त्या तिन्ही भाषांत ओरडायच्या. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. सव्वीस वर्षांत एकही हाक खोटी गेली नव्हती, आणि नीलम्मांना बाकी कशाचा नसेल एवढा या गोष्टीचा अभिमान होता.

"कुटं हाय गं पाणी?" हेमावती खड्ड्यात वाकून म्हणाल्या. खड्ड्यात एक मुंगळा फिरत होता.

नीलम्मांनी जोरजोरात मान हलवली, बाजूला जाऊन चूळ भरली आणि म्हणाल्या, "मी वरडलेच न्हाई की!"

"मग कोण वरडलं? आवाज तर तुझाच."

"तोंडात मिश्री होती माझ्या! मिश्री धरून तीन भाषांत कोण वरडतं?"

पुरावा बिनतोड होता. गल्ली विचारात पडली. तेवढ्यात जळका वास आला आणि चनमल्लप्पा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. त्यांच्या अंगावरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

"जळाली! कोरडीच फिरली आन् जळाली! नीलम्मा, नवी मोटर होती की ओ माझी!"

नीलम्मा काही बोलणार, तोच मघाशी हाकेच्या वेळीच गल्लीतून गेलेली एक रिक्षा कोपऱ्यावरून वळून परत आली. तिच्या स्पीकरमधून गिटारचा घोगरा, जड आवाज येत होता. त्यावर एक मुलगी पुटपुटल्यासारखं काहीतरी गात होती. मग ती थांबली, गिटारही थांबलं, क्षणभर काहीच वाजेना. आणि मग आलं: "नीर बंतु! पाणी आलं! नीळ्ळु वच्चिनय!" त्यापाठोपाठ लूमचा अख्खा कारखाना जिन्यावरून खाली ढकलावा तसा दणदणाट सुरू झाला. गल्लीतल्या निम्म्या बायकांनी खाली ठेवलेल्या घागरी पुन्हा उचलल्या. आत्ताच फसलोय हे डोक्याला कळत होतं, पण हातांना सव्वीस वर्षांची सवय होती.

रिक्षावाल्यानं आवाज कमी केला. "नवीन गाणं हाय, काकू. 'पाचवा दिवस'. आपल्या सोलापूरच्या पोरांचंच की. 'कोरडाठाक' म्हणून बँड हाय. लई चाललंय."

रिक्षा निघून गेली. हेमावती हळूच म्हणाल्या, "नीलम्मा, तुझा शिवू ज्यात गिटार वाजवतो, त्याचं नाव काय गं?"

नीलम्मा पायरीवर मटकन बसल्या.

शिवू मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दुपारी तो जेवायला आला तो अंकिताला घेऊनच. अंकिता नातेपुत्याची. चार घरं सोडून खोली घेऊन राहायची, दिवसभर एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. आणि इतक्या हलक्या हातानं काढायची, की म्हातारी माणसं तिचंच नाव घेऊन यायची. संध्याकाळी हीच मुलगी माईकसमोर उभी राहिली की तिच्या पोटातून रेड्याच्या हंबरण्यासारखा आवाज निघायचा. या संगीताला ऑल्टरनेटिव्ह मेटल म्हणतात, असं शिवूनं घरी एकदा सांगितलं होतं. नीलम्मांना ते भांड्यांच्या नव्या प्रकारासारखं वाटलं होतं आणि त्यांनी पुढं विचारलं नव्हतं.

आज मात्र त्यांनी ताट वाढलं नाही. आधी विचारलं, "माझा आवाज त्या गाण्यात कसा गेला?"

शिवूचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, आईला कौतुक सांगायची हीच वेळ. "अव्वा, मी मार्चमध्ये गच्चीवरून रेकॉर्ड केलतं. तू फेमस झालीस! चार दिवसांत सात लाख लोकांनी ऐकलंय. मुंबईच्या कंपनीचा फोन आलता. नॉर्वेच्या एका माणसानं लिहिलंय, ही बाई कोण, हिच्या फुप्फुसात काय हाय? चंदीगडच्या पोरांना वाटतंय, हा कुठला तरी जुना मंत्र हाय."

"मला विचारलंस का?"

शिवूनं अंकिताकडे पाहिलं. अंकिता मान खाली घालून म्हणाली, "काकू, चूक माझी हाय. त्या जागी म्याच वरडायचं व्हतं. तीन आठवडे वरडून बघितलं, घसा बसला, पन पाणी आल्यागत वाटंनाच. मग शिवूनं तुमची हाक लावली. आमी समदे गप झालो. ड्रमवाला तर उठून बादली शोधाया लागला."

"माझ्या हाकेत असं काय हाय?"

"ती खरी हाय, काकू. आमचं समदं वरडणं खोटं वाटतं तिच्यापुढं."

नीलम्मा क्षणभर विरघळल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि अंकिताच्या पुढ्यात एक कडक भाकरी ठेवली. पण चनमल्लप्पांचा साबण लावलेला चेहरा आठवला आणि त्या पुन्हा ताठ झाल्या. "ते गाणं मागं घे."

"सुटलेलं गाणं मागं न्हाई घेता येत, अव्वा. आन् हा आमचा लीड सिंगल हाय. आठ गाण्यांचा अल्बम दिवाळीला येणार. त्याच्या आधी एक गाणं पुढं सोडतात, लोकांना चव कळावी म्हणून."

"पंगतीआधी चाखायला दिलेलं भजं," पेपराच्या आडून मडिवाळप्पा म्हणाले. नीलम्मांचे हे पती मिलच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि घरात काहीही घडलं तरी पेपर खाली ठेवायचा नाही असा त्यांचा नियम होता. "सात लाखांनी ऐकलं आन् मोटर एकच जळाली? नशीब म्हणायचं."

"म्हणजे अजून सात गाणी हायत?" नीलम्मांनी घाबरून विचारलं. "त्यात कोण वरडतंय?"

"वरडत कोण न्हाई," शिवू चाचरत म्हणाला. "एकात फक्त अप्पांचं घोरणं हाय."

निवृत्तीनंतरच्या तेरा वर्षांत पहिल्यांदा मडिवाळप्पांचा पेपर खाली आला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी तीन वाजता, नळ खाकरला. नीलम्मा कडक भाकऱ्या वाळत घालत होत्या. त्यांनी हवा सुटल्याचा आवाज ऐकला, तांबूस धार डोळ्यांनी पाहिली, रस्त्यावर आल्या, कमरेवर हात ठेवले आणि नेहमीसारखी खणखणीत हाक मारली.

कुणीही बाहेर आलं नाही.

नीलम्मांना वाटलं, दुपारची झोप असेल. त्यांनी दुसरी हाक मारली. धनलक्ष्मीनं खिडकी उघडली. "गाणं छान हाय, नीलम्मा. जरा हळू लावा की. पोर झोपलंय." खिडकी बंद झाली. नीलम्मा धावत सुटल्या आणि एकेक दार ठोठावू लागल्या. चनमल्लप्पा आतूनच म्हणाले, "एकदा फसलो तेवढं बास." पुढच्या घरात कुणी कडी काढली नाही, त्याच्या पुढच्या घरातल्या सुनेनं, "सासूबाईंना विचारून सांगते," असं सांगून दार लावून घेतलं. हेमावती शेवटच्या घरात राहत. नीलम्मांनी त्यांचा हात धरून त्यांना ओढतच नळाशी आणलं तेव्हा नळातून करंगळीएवढी धार येत होती. हेमावतींनी कळशी खाली धरली आणि धार तुटली.

हेमावती घरी परतून आपल्या रिकाम्या बॅरलकडे बघत उभ्या राहिल्या, मागोमाग नीलम्माही आल्या. सोमवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. शंभर माणसं जेवायला होती, अक्कलकोटचे व्याही मुक्कामाला येणार होते.

"मी दारावर येऊन सांगितलं की तुला," नीलम्मा म्हणाल्या.

"दारावर यायची पाळी आली, हेच की गं." हेमावतींनी कोरडी कळशी पालथी घातली. "तुझ्या एका हाकेवर मी दूध गॅसवर सोडून पळत होते. आता मला कसं कळायचं, तू वरडलीस का रिक्षा वरडली?"

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आपला शब्द आपण जिवंत असताना असा फुकट जाईल हे त्यांना कधी सुचलंही नव्हतं, आणि त्याचं दुःख त्यांना मनापासून झालं.

गाणं मात्र वाढतच होतं. गुरुवारी ते कॉलेजच्या कँटीनमध्ये वाजू लागलं, शुक्रवारी दोन डॉक्टर आणि एका भजीवाल्याच्या फोनची रिंगटोन झालं. त्याच दिवशी भवानी पेठेतून चार बायका पत्ता विचारत नीलम्मांच्या दारात आल्या. नीलम्मांनी त्यांना पाणी दिलं. तेही अर्धा अर्धा पेला.

"तुमीच त्या का, गाण्यातल्या?" त्यातली वयस्कर बाई म्हणाली. "आमच्याकडं कधी सोडणार?"

"काय?"

"पाणी ओ. तुमी वरडता तवा आमी पळतो. बुधवारी दोनदा पळालो, काल चारदा. आमच्या जाऊबाईचा पाय मुरगाळला. तेवढं आमच्या पेठेचं नक्की टायमिंग सांगा की."

"मला काय ठाऊक तुमच्या पेठेचं?"

"ठाऊक न्हाई?" बाईला धक्काच बसला. "मग सगळ्या गावाला कशाला सांगत फिरता ओ?"

त्या बायका रागानं निघून गेल्या. संध्याकाळी चनमल्लप्पांच्या कट्ट्यावर गल्लीची बैठक बसली आणि हेमावतींनी ठराव मांडला: यापुढं हाकेवर कुणी विश्वास ठेवायचा नाही, पाण्याच्या पाळीच्या दिवशी घरटी एकानं दोन दोन तास नळापाशी बसायचं. लगेच वहीच्या पानावर यादी तयार झाली. सतरा घरांपैकी सोळा घरांची नावं तीत होती. नीलम्मांचं नाव कुणी घातलं नाही, आणि का घातलं नाही तेही कुणी बोललं नाही. नीलम्मा यादी नीट वाचून, पान परत देऊन, घरी आल्या.

शिवूनं आईला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. तो घाबरला. गल्लीची माफी मागायला म्हणून त्यानं रविवारी संध्याकाळच्या कार्यक्रमाचे पास घरोघर वाटले. कार्यक्रम गल्लीच्या टोकाला असलेल्या मंगल कार्यालयात होता, कारण एवढ्या आवाजाला गावात दुसरं कुणी जागा द्यायला तयार नव्हतं. फुकट म्हटल्यावर गल्ली यायला तयार झाली. एकटे मडिवाळप्पा म्हणाले, "ज्या पोरानं बापाचं घोरणं विकलं, त्याचं मी काही ऐकणार न्हाई."

"अव्वा," शिवू म्हणाला, "तू स्टेजवर ये. ती हाक तूच मार. लोकांना कळू दे, खरी बाई कोण हाय ते."

"त्या वेळी पाणी आलेलं असेल?"

"न्हाई. पाळी सोमवारची हाय की."

"मग मी वरडणार न्हाई. पाणी आल्याबिगर मी आजवर हाक मारली न्हाई, आन् आता टाळ्यांसाठी मारायची न्हाई."

अंकितानंही विनवून पाहिलं. नीलम्मा बधल्या नाहीत. शेवटी गच्चीवरची हाकच वाजवायचं ठरलं.

रविवारी संध्याकाळी सात वाजता गल्ली ठेवणीतल्या साड्या नेसून मंगल कार्यालयात पुढच्या दोन रांगांत बसली. मागं सहाशे पोरं उभी होती, सगळी काळ्या टी-शर्टमध्ये. नीलम्मांनी सहज वळून पाहिलं आणि घाईनं पदर डोक्यावर ओढला. प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत त्यांची हाक छापलेली होती, तीन भाषांत, तीन लिप्यांत.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा हेमावतींनी कानांत बोटं घातली. दुसऱ्याला एक बोट काढलं. तिसऱ्याला त्यांची मान हलू लागली. "माझी मोटर जळाली तवा असाच आवाज आलता," चनमल्लप्पा शेजाऱ्याला ओरडून सांगत होते, पण पाय त्यांचाही ठेका धरत होता. मग दिवे मंद झाले, गिटार घोगरं झालं, आणि सहाशे पोरांनी एकदम श्वास रोखला. 'पाचवा दिवस' सुरू झालं होतं.

अंकिता पुटपुटत होती. नीलम्मांच्या मांडीवरच्या पिशवीत फोन थरथरला. त्यांनी तो कानाला लावून दुसरा कान हातानं झाकला.

"अगं," मडिवाळप्पा म्हणाले, "नळ खाकरतोय."

"आज? पाळी उद्याची हाय की!"

"ते नळाला सांग. माझ्या पायावर पाणी पडूलालंय."

नीलम्मा ताडकन उठल्या. पाणी फार तर पाऊण तास राहणार, उद्या बारसं, आणि पुढची पाळी थेट शुक्रवारी. यादीत रविवारी कुणाचंच नाव नव्हतं. स्टेजवर अंकिता गाता गाता थांबली. गिटार थांबलं. सगळं कार्यालय चिडीचूप झालं. शिवू पेडल दाबून रेकॉर्डिंग सुरू करायला पाय उचलत होता, आणि त्या शांततेत, काही विचार न करता, नीलम्मांनी कमरेवर हात ठेवले आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"नीर बंतु! पाणी आलं! नीळ्ळु वच्चिनय!"

ड्रमवाल्याला एवढंच हवं होतं. त्यानं दोन्ही हात वरून खाली आणले. सहाशे पोरं एकदम उडाली. छताची झुंबरं हलली.

"काय आवाज लावलास गं!" हेमावती टाळ्या वाजवत ओरडल्या. "रेकॉर्डपेक्षा भारी!"

"अगं, खरं आलंय!" नीलम्मा ओरडल्या.

"खरं आलंय!" सहाशे पोरांनी एका सुरात उत्तर दिलं.

नीलम्मा हबकल्या. त्या तशाच स्टेजच्या पायऱ्या चढल्या, अंकिताच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाल्या, "हेमावती, तुझा बॅरल रिकामा हाय! घरी जा!"

"घरी जा!" पोरं गरजली. "घरी जा! घरी जा!"

"चनमल्लप्पा, ऐका की ओ माझं!"

"ऐका की ओ!" पोरांनी मुठी वर केल्या. चनमल्लप्पांनी उठून सगळ्यांना नमस्कार केला आणि पुन्हा बसले.

नीलम्मांनी समोर पाहिलं. त्यांचं आजवर इतकं कुणी ऐकलं नव्हतं, आणि एकालाही ते कळत नव्हतं. पहिल्या दोन रांगा कौतुकानं हसत होत्या, आणि तिकडं पाणी वाहून चाललं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी माईक अंकिताच्या हातात दिला, निऱ्या वर खोचल्या, पायऱ्या उतरल्या, आणि एक अक्षर न बोलता, कुणाकडे न बघता, मधल्या वाटेनं दाराबाहेर चालत्या झाल्या.

हेमावतींच्या टाळ्या थांबल्या.

नीलम्मा कुठूनही न बोलता निघून गेल्याचं हेमावतींनी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीतून उठताना त्या वाढप्यांना चार गोष्टी सांगायच्या, मयतीच्या घरून निघताना दहा. भाजीच्या गाडीपाशी त्यांचा निरोप पाव तास चालायचा. ही बाई गप्प गेली म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं होतं. हेमावती उठल्या. "ही गप का गेली गं?" त्यांनी धनलक्ष्मीला विचारलं. धनलक्ष्मीचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई! आलंय की काय?"

पुढच्या दोन रांगा उठून पळाल्या. चपला हातात घेऊन, पदर खोचून, दारात एकमेकांना धक्के देत सगळी गल्ली बाहेर पडली. स्टेजवर अंकिता ते बघत होती. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आरं द्येवा, खरंच आलं की! माझी बी बादली रिकामी हाय!" हे ती माईकमध्येच म्हणाली, माईक खाली ठेवला आणि स्टेजवरून उडी मारून धावली. शिवू एकटाच गिटार घेऊन उरला. लीड सिंगल अर्ध्यावर सोडून गायिका पाण्याला गेली, असं मेटलच्या इतिहासात पूर्वी झालं असेल तर त्याला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी गल्लीत जे दृश्य दिसलं ते नंतर तेरा लाख लोकांनी फोनवर पाहिलं. गायिकेच्या मागून चाळीस-पन्नास काळे टी-शर्ट शूटिंग करत आले होते. हेमावतींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बघता काय? धरा." पोरांनी फोन खिशात घातले आणि रांग लावली. नीलम्मांच्या खड्ड्यापासून हेमावतींच्या बॅरलपर्यंत घागरी हातोहात गेल्या. सगळ्यात पुढं, खड्ड्यात उतरून, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून मडिवाळप्पा घागरी भरत होते. बॅरल काठोकाठ भरला आणि दहा मिनिटांनी धार तुटली.

हेमावती नीलम्मांजवळ येऊन बसल्या.

"तू वरडलीस तवा मला पटलं न्हाई," हेमावती म्हणाल्या. "गप झालीस तवा पटलं. माझं चुकलं, नीलम्मा."

बारसं थाटात झालं. कट्ट्यावरची यादी हेमावतींनी स्वतः फाडली आणि नवा नियम ठरला. गाणं आता गावभर वाजतंय, ते बंद होणार नाही, तेव्हा हाकेचा उपयोग संपला. पाणी आलं की नीलम्मांनी दारात येऊन गप्प बसायचं. पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं, आणि मिनिटभरात कुणीतरी घाबरून विचारलं, "नीलम्मांचा आवाज का न्हाई?" सोळा घरांतून घागरी बाहेर पडल्या. गल्लीच्या टोकापर्यंत एकही घर सुटलं नाही. नीलम्मा पायरीवर हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं.

एकच घोटाळा झाला. त्यानंतर दोन दिवसांनी मीठ कमी पडल्यावरून मडिवाळप्पा काहीतरी बोलले आणि नीलम्मांनी अबोला धरला. अर्ध्या तासानं दारात बघतात तो काय, चाळीस माणसं भांडी घेऊन उभी! नीलम्मांना धक्काच बसला. आता भांडण झालं तरी गप्प राहायची सोय उरली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्या शब्दासारखंच आपल्या गप्प बसण्यालाही खोटं पडू द्यायचं नाही, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

तेव्हापासून पाणी नसतं ते चार दिवस नीलम्मा अखंड बोलतात. भाकरी थापताना बोलतात, भांडी घासताना बोलतात, कुणी ऐकायला नसलं तर मडिवाळप्पांशी बोलतात. मग पाचव्या दिवशी केव्हातरी नळ खाकरतो, नीलम्मा गप्प होतात, आणि सगळी गल्ली पाण्याला धावते. तेवढ्या पाऊण तासात मडिवाळप्पा चारही दिवसांचे पेपर वाचून काढतात.